काटकसरीची प्रतिष्ठा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात भाषणासाठी नेमलेली वेळ बहुधा गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि भोजन यांच्या मध्ये असते. भोजनाचा वास सभागृहात दरवळू लागला असता काटकसरीवर बोलावयास उभे राहणे हे थोडे धाडसाचेच काम होय. तथापि थोडक्या खर्चात, निसर्गाचा तोल न बिघडविता घर कसे चालवावे या विषयावर चार शब्द सांगा, अशी चालकांनी आज्ञा केली आणि ती आम्ही आनंदाने शिरसावंद्य मानली.

या विषयास अलीकडे 'शाश्वत जीवनशैली' असे भारदस्त नाव मिळाले आहे. आपल्या घरांत त्यास काटकसर म्हणत. आपली पुष्कळशी कुटुंबे दोन-तीन पिढ्यांपूर्वी कोकणातून मुंबईस आली, गिरगाव-दादरच्या चाळींत दोन खोल्यांत राहिली, आणि आज ठाणे, डोंबिवली, पुणे येथील सदनिकांत सुस्थितीत नांदत आहेत. या प्रवासात आपण पुष्कळ मिळविले. परंतु वाटेत एक वस्तू टाकून दिली, आणि ती जड होती म्हणून नव्हे, तर तिची लाज वाटू लागली म्हणून. जुन्या लुगड्यांची गोधडी, नारळाच्या काथ्याने घासलेली भांडी, करवंट्यांवर पेटलेला बंब, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली केळ आणि अळू, बोहारणीशी घासाघीस करून जुन्या कपड्यांवर मिळविलेले पातेले, ही सारी आपणांस गरिबीची लक्षणे वाटू लागली. पैसा हाती आल्यावर ही लक्षणे पुसून टाकण्याची घाई होणे हा मनुष्यस्वभाव आहे. त्याबद्दल कोणास दोष देण्याचे कारण नाही. मात्र कोंड्याचा मांडा करण्याची जी कला त्या गरिबीने शिकविली होती तीही गरिबीबरोबर हद्दपार झाली, याचे आम्हांस वाईट वाटते.

येथे एक गैरसमज प्रथमच दूर केलेला बरा. बांबूचे दात घासण्याचे ब्रश, तागाच्या नक्षीदार पिशव्या आणि 'निसर्गस्नेही' असा शिक्का मारलेल्या महागड्या बाटल्या आज बाजारात मांडलेल्या दिसतात. असल्या वस्तूंनी घर भरणे म्हणजे काटकसर नव्हे. घरात धडधाकट असलेला प्लॅस्टिकचा डबा फेकून त्या जागी काचेचा आणणे हा तर शुद्ध अपव्यय. जी वस्तू आहे तीच अखेरपर्यंत वापरावी. या नियमाला खर्च काहीच लागत नाही, म्हणूनच त्याची जाहिरात कोणी करीत नाही.

आता स्वयंपाकघराकडे वळू, कारण घरातील इंधन मुख्यत्वे तेथेच जळते. आपल्याकडील घरगुती सिलिंडरात १४.२ किलो वायू असतो, आणि देशाला लागणाऱ्या या वायूपैकी निम्म्याहून अधिक परदेशांतून येतो. नवा सिलिंडर जोडताना त्याच्यावर खडूने तारीख लिहावी आणि तो किती दिवस पुरला हे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपून ठेवावे. हा हिशेब दोन-तीन वेळा ठेवला म्हणजे आपला वायू कोठे जातो याचा छडा आपोआप लागतो. वायूचा मोठा भाग पदार्थ शिजविण्यात खर्च होत नाही. तो उघड्या भांड्यातून वाफेच्या रूपाने आणि बुडाबाहेर आलेल्या ज्योतीच्या रूपाने हवेत जातो. पाण्याला एकदा उकळी फुटली की आच कितीही मोठी केली तरी उघड्या पातेल्यातले पाणी शंभर अंशांच्या वर चढत नाही. डाळ त्यामुळे लवकर शिजत नाही. पाणी मात्र लवकर आटते. म्हणून उकळी येताच आच बारीक करावी आणि भांड्यावर झाकण ठेवावे. सांगावयास ही गोष्ट क्षुल्लक आहे. परंतु आम्ही जेथे जेथे जेवावयास गेलो तेथे तेथे मोठ्या आचेवर खळखळणारी उघडी आमटी पाहिली आहे.

दाबाच्या कुकराविषयी तर आपल्या घराघरांत एक विचित्र रूढी पडली आहे, ती शिट्ट्या मोजण्याची. कुकरात वाफ कोंडली म्हणजे दाब वाढतो आणि पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. पदार्थ लवकर शिजतो तो या तपमानामुळे. शिट्टी होते याचा अर्थ कुकरात जितका दाब राहावयास हवा तितका भरून चुकला आहे आणि जादा उष्णता बाहेर टाकली जात आहे. अर्थात पहिली शिट्टी हीच आच बारीक करण्याची खूण होय. पुढच्या चार शिट्ट्या म्हणजे विकत घेतलेल्या वायूची आरोळी. डाळ-कडधान्य आधी भिजवून ठेवले, वरण, भात आणि बटाटे यांचे डबे एकदम लावले, आणि वाफ आपोआप जिरू दिली, तर कुकराचे खरे चीज होते.

याहून स्वस्त अशी आणखी एक युक्ती आहे. तांदूळ बेताच्या पाण्यात, घट्ट झाकणाच्या जाड पातेल्यात चांगले पाच मिनिटे उकळू द्यावेत, आणि मग ते पातेले तसेच उचलून गोधडीत किंवा जुन्या घोंगडीत सर्व बाजूंनी गुंडाळून एखाद्या पेटीत ठेवून द्यावे. तासाभरात भात आतल्या उष्णतेवरच तयार होतो. भिजविलेल्या मुगाच्या किंवा तुरीच्या डाळीला उकळीची दहा-पंधरा मिनिटे लागतात, बाकीचे काम गोधडी करते. राजम्यासारखे कडधान्य मात्र असे शिजवू नये. त्यातील विषारी अंश जाण्यास पुरेसा वेळ खळखळ उकळी लागते. आणि पेटीतून काढलेले अन्न गरम आहे तोवरच खावे, संध्याकाळपर्यंत कोमट ठेवू नये. युरोपात गवताने भरलेल्या पेटीत हाच प्रयोग करीत असत. आपल्याकडील जुन्या मंडळींना रुक्मिणी कुकर आठवत असेल. मूठभर कोळशांवर डब्यांची चळत चढवून सबंध स्वयंपाक करण्याची ती सोय होती. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली, तीच कल्पना पुढे नेऊन कांडी कोळशावर चालणारा 'सराई' कुकर तयार केला. उसाचे पाचट शेतात जाळून टाकण्याऐवजी त्याचा कोळसा करण्याच्या कामाबद्दल या संस्थेस २००२ साली, आणि स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणाऱ्या लहान बायोगॅस संयंत्राबद्दल २००६ साली, लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. जुन्या काटकसरीत शास्त्र होते याची याहून चांगली साक्ष कोणती द्यावी?

विजेसंबंधी थोडक्यात सांगतो. साठ वॅटच्या जुन्या दिव्याचे काम नऊ वॅटचा एलईडी दिवा करतो, हे आता बहुतेकांस ठाऊक आहे. पंख्याकडे मात्र कोणी पाहत नाही. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो. नव्या पद्धतीच्या, 'बीएलडीसी' मोटरीच्या पंख्याला सुमारे ३० वॅट पुरतात. दिवसाकाठी बारा तास पंखा चालला, तर पहिल्यास महिन्याला २७ युनिटे आणि दुसऱ्यास ११ युनिटांहून थोडी कमी लागतात. तीन पंख्यांच्या घरात ही बचत महिन्याला सुमारे ४८ युनिटांची झाली. आणि विजेचा दर चढत्या पायऱ्यांचा असल्यामुळे वाचलेली युनिटे ही नेमकी वरच्या, महाग पायरीवरची असतात. नवा पंखा महाग आहे हे खरे. म्हणून चालते पंखे काढून टाकू नयेत. जो बिघडेल त्याच्या जागी असा आणावा, आणि तोही जो सर्वांत अधिक चालतो त्या खोलीत. वातानुकूलन यंत्रे सुरू होताच २४ अंशांवर यावीत असा नियम १ जानेवारी २०२० पासून झाला आहे. ते यंत्र १८ अंशांवर नेऊन वर रजई पांघरणाऱ्या तरुण मंडळींना आम्ही एवढेच विचारतो, की रजईच घ्यावयाची तर यंत्राला इतके कष्ट कशाला?

पाण्याची गोष्ट अधिक गंभीर आहे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी पोहोचवावे लागले. पहिल्या खेपेस पाच लाख लिटर. लातूर दूर आहे असे कोणी म्हणेल, तर मुंबईच्या उंबरठ्यावरच पाहावे. तानसा आणि भातसा ही मुंबईला पाजणारी धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपल्या स्नानगृहातील तोटी ही त्या पाड्यांवरूनच आलेली आहे, हे ध्यानात ठेवून पुढील हिशेब ऐकावा. शहरातील माणसास दररोज १३५ लिटर पाणी मिळावे असे सरकारी मान आहे. बादलीने स्नान करणारा पंधरा ते वीस लिटरांत नाहून निघतो. फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभा राहणारा सहज ऐंशी लिटर खर्च करतो. शौचकूपाची टाकी आतल्या आत गळत असेल तर ते ऐकूही येत नाही. रात्री टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकावेत. कोणी साखळी न ओढता रंग खाली भांड्यात उतरला, तर दुसऱ्याच दिवशी नळदुरुस्तीवाल्यास बोलवावे.

पाणी शुद्ध करण्याच्या 'आरओ' यंत्राविषयी स्पष्ट बोललेले बरे. हे यंत्र एक लिटर पाणी देताना साधारण दोन ते तीन लिटर मोरीत सोडते. क्षारयुक्त विंधनविहिरीच्या पाण्याला त्याची गरज असेल. परंतु मुंबईच्या तलावांचे पाणी मुळातच कमी क्षारांचे आहे. जेथे क्षारच नाहीत तेथे क्षार काढण्याचे यंत्र बसविणे ही केवळ शेजाऱ्याशी स्पर्धा होय. उकळून गाळलेले पाणी आणि उन्हाळ्यात मातीचा माठ, एवढे पुरते. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी बाहेर पडणारे पाणी बादलीत धरून फरशी पुसावयास आणि भांडी विसळावयास वापरावे. क्षार साठत असल्याने झाडांना मात्र ते नित्य घालू नये.

आता आम्ही अशा विषयाकडे येतो की जो ज्ञातिसंस्थेच्या व्यासपीठावर उच्चारण्यास कोणीही थोडे कचरेल. आपल्या घरातील केर कोण उचलतो? या देशात काही जातींच्या माथी हे काम पिढ्यान्‌पिढ्या मारले गेले, आणि आपण जेव्हा ज्ञाती म्हणून एकत्र जमतो, एकमेकांच्या मुलांचे कौतुक करतो, तेव्हा हे स्मरण असणे उचित होय. शिळी आमटी, फळांच्या साली, फुटकी काच आणि औषधाच्या सुया एकाच पिशवीत बांधून दाराबाहेर ठेवणे म्हणजे ती पिशवी कोणीतरी आपल्या हातांनी उकलावी अशी व्यवस्था करणे. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायकांनी १९९३ साली आपली कष्टकरी पंचायत उभी केली, आणि त्यातूनच २००८ साली 'स्वच्छ' ही त्यांची सहकारी संस्था निघून घरोघरचा केर गोळा करू लागली. ओला व सुका कचरा घरातच वेगळा करावा हा नियमही २०१६ साली देशभर लागू झाला. नियम झाला तरी पिशवी एकच राहिली, अशी घरे आपल्यांत थोडी नाहीत. देवनारचे क्षेपणक्षेत्र १९२७ पासून मुंबईचा कचरा पोटात घेत आले. २०१६ च्या जानेवारीत तेथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला तेव्हा आपण खिडक्या लावून घेतल्या. त्या ढिगाच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना लावावयास खिडकीही नव्हती.

ओल्या कचऱ्याचे खत घरीच होते. त्यास बाग लागत नाही. बुडाला आणि कडेला भोके पाडलेली मातीची मोठी कुंडी किंवा रंगाचा रिकामा डबा पुरतो. तळाशी नारळाच्या शेंड्या पसराव्यात, त्यावर रोजच्या साली व भाजीची देठे बारीक करून टाकावीत, आणि प्रत्येक थरावर तितकाच सुका पालापाचोळा घालावा. सुरुवातीस मूठभर जुने खत किंवा आंबट ताक शिंपडले म्हणजे विरजण लागते. आठवड्यातून दोनदा काडीने वरखाली करावे. घाण वास आला तर समजावे की पाणी अधिक आणि हवा कमी झाली. आणखी पाचोळा घालावा, म्हणजे वास जातो. तेलकट आणि मांसमासळीचे खरकटे नवशिक्याने त्यात टाकू नये. अडीच-तीन महिन्यांत काळी, भुसभुशीत, पावसाच्या वासाची माती हाती येते. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोलकर यांनी आपल्या प्रयोग परिवारातून सामान्य माणसांना शिकविले ते हेच, की सुपीक माती ही सापडावी लागत नाही, घरच्या पाल्यापाचोळ्यातून ती घडविता येते.

येथवर ऐकून सभागृहातील भगिनीवर्गाच्या मनात एक प्रश्न उभा राहिला असेल, आणि तो रास्त आहे. पाचोळा घालणार कोण? डाळ आठवणीने भिजविणार कोण? जुन्या काळच्या काटकसरीची स्तुती करताना आपण सोयीस्करपणे विसरतो, की ती सारी काटकसर बायकांच्या हातांनी आणि पाठीने पेलली होती. पहाटे उठून बंब पेटविणारी, राखेने भांडी घासणारी, सायीचे विरजण लावून लोणी काढणारी आणि तुपाखालची बेरीदेखील वाया न घालविणारी ती गृहिणी स्वतः मात्र उरलेसुरले खाऊन उठत असे. तशी काटकसर परत आणावी असे आम्ही म्हणणार नाही. आज आपल्या मुली-सुना नोकऱ्या करून घरी येतात. त्यांच्या डोक्यावर 'पर्यावरण' या नावाची आणखी एक घागर चढविली, तर त्यांनी ती खाली आपटावी हेच योग्य ठरेल. म्हणून आमची सूचना अशी की खताची कुंडी, विजेच्या देयकाची वही, गळत्या नळाची दुरुस्ती आणि सुक्या कचऱ्याची निवड ही चार कामे घरातील पुरुषांनी आपल्याकडे घ्यावीत. निवृत्त बंधूंना तर वेळही आहे. सकाळच्या वर्तमानपत्राचे दुसऱ्यांदा वाचन त्यापायी बुडाले तरी राष्ट्राचे फारसे नुकसान होणार नाही.

शेवटी आपल्या मंडळाच्या सभागृहाविषयी. घरात वर्षभर जपलेली काटकसर आपण एका मुंजीत किंवा एका साखरपुड्यात उधळून टाकतो. महाराष्ट्रात २०१८ च्या मार्चमध्ये अधिसूचना निघून थर्माकोलची ताटे बंद झाली. त्यांच्या जागी कागदी आली, पण त्यांतील पुष्कळांना आतून प्लॅस्टिकचा पातळ लेप असतो, आणि ती ना कुजत ना रद्दीत जात. तीनशे पानांचा एक समारंभ धरा. ताट, दोन वाट्या आणि पेला असे माणशी चार नग; म्हणजे एका जेवणात बाराशे नग केरात. वर्षात असे चाळीस समारंभ झाले तर अठ्ठेचाळीस हजार. आणि पाण्याच्या अर्धवट प्यालेल्या बाटल्या वेगळ्याच. अन्नाचे म्हणाल, तर पंगतीच्या काळी वाढप्याच्या आग्रहामुळे पानात पडून राहत असे, आणि आज माणूस स्वतःच्याच हाताने डोंगर रचून तो टाकून देतो; आग्रह करणारा तेवढा बदलला. यजमानाने पदार्थांची संख्या कमी करावी यावाचून यास दुसरा उपाय आम्हांस दिसत नाही, आणि तो उपाय एका घराने केला तर कंजूषपणा ठरतो, पन्नास घरांनी मिळून केला तर रीत ठरते. ज्ञातिसंस्थेचा उपयोग नेमका येथे आहे.

पूर्वी अनेक ज्ञातिसंस्थांकडे पंगतीची भांडी असत. हंडे, पराती, घंगाळी, ओगराळी, ताटे, तांबे, प्रत्येकावर संस्थेचे नाव कोरलेले. सभासदाच्या घरी कार्य निघाले की नाममात्र भाड्याने ती मिळत आणि मोजून परत येत. गरीब सभासदाच्या घरचे लग्न त्यामुळे श्रीमंताच्या लग्नाइतकेच नीटनेटके दिसे. आमची मंडळास विनंती आहे की तीनशे पोलादी ताटे, सहाशे वाट्या, तीनशे पेले आणि झाकणाची चार मोठी पाण्याची पिंपे घ्यावीत. ज्या सभासदांना देणगी द्यावयाची आहे त्यांनी या वर्षी भिंतीवरील नामफलकाऐवजी वाटीवर नाव कोरून घ्यावे. भांडी धुणाऱ्या बायकांची मजुरी भाड्यात स्वतंत्र धरावी आणि ती त्यांच्या हातांत रोख पडावी, ठेकेदाराच्या नव्हे. धुण्यासाठी मागील बाजूस उभे राहून काम करता येईल असा ओटा आणि कोमट पाण्याचा नळ असावा. ठेवण्यास पोटमाळ्यावर जागा आहे. तेथे सध्या जुन्या स्मरणिकांचे गठ्ठे पडून आहेत, ते रद्दीत देण्यास कार्यकारिणीची हरकत नसावी. या आशयाचा ठराव आम्ही चिटणीसांकडे लिहून दिला आहे. सूचक मिळाला आहे. अनुमोदकाची जागा तेवढी मोकळी आहे, आणि भोजनास बसण्यापूर्वी ती भरावी अशी आमची इच्छा आहे.